दाणेदार चामडे आणि त्यावरचे डाग

दाणेदार चामड्यावर डाग पडला की तो खळग्यांत उतरून बसतो. फडके उंचवट्यांवरून फिरते आणि खालची घाण जागच्या जागी राहते. ती काढायला जोर लावला तर आधी उंचवट्यांचा रंग जातो आणि मग उंचवटेच झिजतात. पर्सवर सांडलेला चहा पुसताना आज जी अडचण येते, तीच दोनशे वर्षांपूर्वी घोड्याचे खोगीर किंवा ग्रंथाची चामडी बांधणी स्वच्छ करणाऱ्यालाही येत होती. तिच्यावरचे उपाय मात्र प्रत्येक काळात वेगळे होते. दाणा उठवण्याची रीत बदलली, कातडे कमावण्याची रीत बदलली आणि शेवटी चामड्याच्या वर जे असते तेही बदलले. त्यामुळे डाग काढण्याचा इतिहास चामडे तयार करण्याच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही.

कातडे चुन्यात भिजवून त्यावरचे केस काढले की जो पृष्ठभाग उघडा पडतो, तो दाण्याचा थर. केसांची मुळे जिथे होती तिथे बारीक छिद्रे राहतात आणि त्यांची मांडणी प्रत्येक जनावराची वेगळी असते. डुकराच्या कातड्यावर ती तीन-तीनच्या गटांत असतात. गायीच्या कातड्यावर ती बारीक आणि एकसारखी, तर शेळीच्या कातड्यावर ओळींत आणि ठसठशीत असतात. या थराखाली कोलॅजेनच्या तंतूंची जाड, एकमेकांत गुंतलेली वीण असते. चामड्याचे बळ त्या विणीत असते, देखणेपण वरच्या पातळ थरात. हा थर एकदा खरवडला गेला की कोणत्याही तेलाने किंवा मलमाने परत येत नाही.

दाणा मुद्दाम उठवून दाखवण्याची सर्वांत नावाजलेली जुनी कला आफ्रिकेतली. युरोपात ‘मोरोक्को’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल चामड्यातले बरेचसे मुळात मोरोक्कोत तयार होतच नसे. आजच्या उत्तर नायजेरियातील कानो आणि सोकोतो या भागांत हौसा कारागीर शेळीचे कातडे कमावत. तो माल उंटांच्या तांड्यांबरोबर सहारा ओलांडून उत्तरेच्या बाजारात जाई आणि तिथून युरोपला. पुढे युरोपातही सुमाक या झुडपाच्या पानांनी शेळीचे कातडे कमावून तसेच चामडे होऊ लागले. दाणा उठवण्यासाठी ओलसर चामडे दाण्याची बाजू आत ठेवून दुमडत आणि बूच लावलेल्या फळीखाली पुढे-मागे लाटत. दिशा बदलत लाटत गेले की कातड्याचा मूळचा दाणा टपोरा होऊन वर येई. त्यात बाहेरून काही चढवलेले नसे, म्हणून पुसताना निघून जाईल असेही काही नसे. ग्रंथबांधणीत हे चामडे शेकडो वर्षे टिकले, त्यामागे सुमाक जितका आहे तितकीच ही हातलाटणी आहे.

शॅग्रीन नावाच्या चामड्याची कथा निराळी. इराण, तुर्कस्तान आणि व्होल्गाकाठचे आस्त्राखान इथे घोड्याच्या किंवा गाढवाच्या पुठ्ठ्याचे कातडे ताणून ओले ठेवत. त्यावर चाकवताच्या कुळातील वनस्पतीचे कठीण बी पसरून ते पायाने किंवा दाबाने आत रुतवत. कातडे वाळले की बी झटकून टाकत, पृष्ठभाग तासून सपाट करत आणि मग ते पुन्हा भिजवत. बियांनी दाबलेल्या जागा फुगून वर येत आणि सगळ्या कातड्यावर गोल दाणे उमटत. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये झाँ-क्लोद गाल्युशा या कारागिराने पाकट माशाचे खडबडीत कातडे घासून गुळगुळीत केले, पेट्यांना आणि म्यानांना चढवले, आणि शॅग्रीन हे नाव त्या कातड्यालाही चिकटले. घोड्याच्या पुठ्ठ्याचे जुने शॅग्रीन हे नीट कमावलेले चामडे नसून बहुतांशी वाळवलेले कच्चे कातडे असे. ओल्या फडक्याने ते मऊ पडते आणि पाण्याने उठवलेले दाणे पाण्यानेच बिघडतात. जुन्या संग्रहातले शॅग्रीन म्हणूनच कोरड्या मऊ ब्रशाने झटकतात.

रशियन चामड्याने वेगळीच वाट धरली. विलोच्या सालीने कमावलेल्या या चामड्यावर खाचा पाडलेले रूळ फिरवून एकमेकांना छेदणाऱ्या रेषांची जाळी उमटवत आणि मागून भूर्ज वृक्षाचे डांबरी तेल मुरवत. त्या तेलाचा उग्र वास कीटकांना दूर ठेवी आणि चामड्याला पाण्यापासून जपे. त्याच्या टिकाऊपणाचा विलक्षण पुरावा समुद्रतळाशी मिळाला. सेंट पीटर्सबर्गहून जिनोव्हाकडे निघालेले ‘मेट्टा काथारिना’ हे जहाज १७८६ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या प्लिमथ बंदराजवळ बुडाले. त्यात रेनडिअरच्या चामड्याचे गठ्ठे होते. १९७३ मध्ये पाणबुड्यांना ते सापडले, तेव्हा गाळाखाली जवळजवळ दोन शतके काढूनही त्यातले बरेच चामडे धुऊन, वाळवून वापरण्याजोगे निघाले आणि त्याच्या पिशव्या, पाकिटे, बूट झाले. रूळ फिरवलेली ती जाळीही स्पष्ट होती. नीट कमावलेल्या आणि पोटात भरपूर तेल असलेल्या चामड्याला पाण्याचे भय किती कमी असते, हे यावरून कळते. एरवी पाण्याच्या एका थेंबाने डाग पडला असे आपण म्हणतो, तेव्हा दोष बहुधा पाण्याचा नसून चामड्यातल्या तेलाच्या कमतरतेचा असतो.

त्या जुन्या काळात घरोघरी चामडे स्वच्छ करण्याची रीत मुख्यतः कोरडी होती. तेलाचा डाग पडला की त्यावर मुलतानी मातीसारखी शोषक माती किंवा खडूची पूड टाकून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी झटकत. युरोपात हलक्या रंगाच्या हातमोज्यांवर पावाचा मऊ गर चोळत. हे उपाय सौम्य होते, त्यांना वेळ लागे, आणि दाण्यांच्या खळग्यांत उतरण्याचे काम मातीची पूड फडक्यापेक्षा चांगले करी. एकोणिसाव्या शतकात कोळशाच्या डांबरापासून बेंझीन मिळू लागले आणि हातमोजे त्यात बुडवून धुण्याची चाल पडली. डाग झटक्यात जाई, पण बेंझीन डागाच्या तेलाबरोबर चामड्याचे स्वतःचे तेलही ओढून नेई. चार वेळा धुतलेला हातमोजा ताठ होऊन शिवणीत फाटे.

खोगीर आणि लगाम यांची गोष्ट सैन्याशी बांधलेली आहे. घोड्याचा घाम खारट, चिखल रोजचा, त्यामुळे इथे कोरड्या उपायांवर भागत नसे. साबण, मेण आणि चरबी एकत्र करून केलेला खोगिराचा साबण घोडदळात सगळीकडे पसरला. भारतात १८६० च्या दशकात कानपुरात सरकारी खोगीर कारखाना उभा राहिला आणि तिथल्या बाभळीच्या सालीने कमावलेल्या चामड्यालाही हाच साबण लागू लागला. जाड, तेलकट, तपकिरी खोगिराला तो बरा होता. चूक झाली ती तोच साबण पुढे घरातल्या नाजूक, रंगीत वस्तूंवर वापरल्यामुळे. कमावलेले चामडे किंचित आम्लधर्मी असते, त्याचा पीएच साधारण साडेतीन ते पाचच्या आसपास असतो. साबण अल्कधर्मी, नऊ-दहाच्या घरातला. झाडपाल्याने कमावलेले चामडे अल्काने काळवंडते आणि त्यातले टॅनिन, म्हणजे कमावणारे द्रव्य, सुटू लागते. खोगिरावर ते दिसत नाही, फिक्या पर्सवर ताबडतोब दिसते.

बुटांच्या बाबतीत स्वच्छतेचा अर्थच झाकणे असा झाला. एकोणिसाव्या शतकातल्या काळ्या लेपात हाडांचा कोळसा, काकवी, व्हिनेगर आणि अनेकदा गंधकाम्लही असे. १८२४ मध्ये बारा वर्षांचा चार्ल्स डिकन्स लंडनच्या ज्या कारखान्यात राबला, तिथे असाच लेप बाटल्यांत भरला जाई. मेलबर्नमध्ये १९०६ साली निघालेल्या किवी पॉलिशने आणि त्याच सुमारास इंग्लंडात आलेल्या चेरी ब्लॉसमने आम्ल काढून मेण आणि टर्पेंटाइन आणले, ही मोठी सुधारणा होती. तरी पॉलिश म्हणजे रंग आणि मेणच. पर्सला ते लावले तर दाण्यांच्या खळग्यांत साचते आणि साडीवर, सदऱ्यावर उतरते.

चामड्याच्या निगेचा खरा शास्त्रीय विचार सुरू झाला तो ग्रंथालयांतल्या पडझडीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडातल्या ग्रंथांच्या चामडी बांधण्या लाल भुकटी होऊन झडू लागल्या. लंडनच्या अथेनियम क्लबातल्या खुर्च्यांचे चामडे कुजत होते, तेव्हा मायकेल फॅरडे यांनी १८४३ मध्ये त्याचे कारण गॅसच्या दिव्यांत शोधले. कोळशाच्या गॅसमधले गंधक जळून हवेत मिसळते आणि चामड्यात त्याचे गंधकाम्ल होते. अशा सडलेल्या चामड्यावर ओले फडके फिरवले तर ते जागीच काळे आणि कडक होते. डाग पुसायला गेलेल्याच्या हातून तिथे कायमचा मोठा डाग तयार होई.

१९०० साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने व्हायकाउंट कॉबम यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिच्यात लीड्सचे चामडेशास्त्रज्ञ हेन्री प्रॉक्टर आणि ग्रंथबांधणीकार डग्लस कॉकरेल यांचा समावेश होता. या समितीने काढलेले निष्कर्ष आजही चामड्याची पर्स घेणाऱ्याने वाचावेत असे आहेत. कमावण्याच्या द्रव्यांचे तिने दोन गट पाडले. सुमाकसारख्या द्रव्यांनी कमावलेले चामडे टिकते, तर दुसऱ्या गटातल्या सालींनी कमावलेले उजेडात आणि गॅसच्या धुरात लवकर झडते. चामड्याचा रंग उजळण्यासाठी खनिज आम्ले वापरणे घातक ठरते. आणि एका जनावराचे कातडे दुसऱ्यासारखे दिसावे म्हणून त्यावर भारी दाबाने खोटा दाणा ठसवणे त्याच्या बळाला फार बाधते. हातलाटणीच्या खऱ्या दाण्याची जागा दाबयंत्राच्या दाण्याने घेतली तेव्हा काय गमावले, याची ही पहिली अधिकृत नोंद म्हणता येईल.

या अहवालात भारतीय चामड्याला चांगलाच फटका बसला. मद्रासहून मोठ्या प्रमाणात निर्यात होणारी मेंढी-शेळीची कातडी तरवडाच्या सालीने कमावलेली असत. माळरानावर पिवळ्या फुलांनी बहरणारे हे झुडूप दख्खनच्या कारागिराच्या हाताशी होते आणि चपला-पखालींना त्याचे चामडे उत्तम लागे. ग्रंथांसाठी मात्र समितीने ते अत्यंत वाईट ठरवले. अशी बांधणी उघड्या फळीवर ठेवली तर पाच-सहा वर्षांपलीकडे टिकणे कठीण, असे तिचे मत पडले. सुमाकच्या टिकाऊ गटात मात्र सह्याद्रीतला हिरडा होता. कोकणातल्या वेंगुर्ल्याच्या नावाने त्याची एक प्रतच जगाच्या बाजारात ओळखली जाई, भिमलीपट्टणम आणि जबलपूरच्या प्रतींबरोबर. कोल्हापुरी चपलेच्या चामड्याला परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा दोन्ही लागत आले आहेत. त्या चामड्यावर रंगाचा किंवा लाखेचा पापुद्रा नसतो, तेल दिले की ते पिते आणि पाणी पडले की तेही पिते. पावसाळ्यात ती चप्पल पायांत न घालण्याची रीत त्या चामड्याच्या स्वभावातून आलेली आहे.

समितीनंतर उपाययोजनेचे युग आले आणि ते काहीसे अती उत्साहाचे ठरले. चामडे तेलावाचून वाळते, म्हणून त्याला तेल पाजावे, हा विचार रूढ झाला. ब्रिटिश म्युझियमने लोकरीची चरबी, देवदाराच्या जातीचे तेल आणि मधमाश्यांचे मेण हेक्झेनमध्ये विरघळवून एक लेप तयार केला. जगभरच्या ग्रंथालयांत तो वर्षानुवर्षे चोळला गेला. कालांतराने दिसले की जास्तीचे तेल वर येऊन चिकट होते, धूळ धरते, चामडे काळवंडवते आणि आतली सडण थांबवत नाही. आज बहुतेक संग्रहालयांत जुन्या चामड्याला असा लेप देणे टाळतात. हवेतली आर्द्रता स्थिर ठेवतात, उजेड कमी करतात आणि धूळ मऊ ब्रशाने काढतात. चामड्याच्या निगेत कमीत कमी हात लावणे ही सर्वांत कठीण आणि सर्वांत उशिरा शिकलेली गोष्ट आहे.

दरम्यान चामडेच बदलले होते. क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावता येते हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिक क्नाप यांनी १८५८ मध्ये दाखवले. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये त्याची दोन टप्प्यांची पद्धत पेटंट केली आणि १८९३ मध्ये मार्टिन डेनिस यांची एकाच टप्प्याची पद्धत आली. सालीच्या हौदात महिनोन्‌महिने मुरणारे काम आता दिवसांत उरकू लागले. भारतात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये याचे प्रयोग केले. क्रोमचे चामडे पाण्यात सहज कुजत नसल्याने विहिरीच्या मोटेला ते लगेच उपयोगी पडले. झाडपाल्याने कमावलेले चामडे साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सिअसला आकसते, क्रोमचे उकळत्या पाण्यापर्यंत तग धरते. तरीही पर्सवरचा डाग वाळवायला केस वाळवण्याचे यंत्र किंवा इस्त्री वापरणे चुकीचेच, कारण आधी बिघडते ते वरचे आवरण.

हे आवरण म्हणजे या इतिहासातली सर्वांत नवी पायरी. १९२० च्या दशकापासून नायट्रोसेल्युलोजची लाख, मग ॲक्रिलिक आणि पुढे पॉलियुरेथेन यांचे थर चामड्यावर बसू लागले. कातड्यावरचे ओरखडे, गोचिडांचे डाग घासून काढायचे, वर रंगद्रव्याचा थर द्यायचा आणि तापलेल्या पोलादी पत्र्याने हवा तो दाणा ठसवायचा, अशी ही रीत. मिलानच्या प्रादा घराण्याने नावारूपाला आणलेले सॅफियानो चामडे याचे ठळक उदाहरण. त्यावरची बारीक तिरकी जाळी कोणत्याही जनावराच्या अंगावर नसते. याच प्रादाच्या २०२५ च्या मिलान प्रदर्शनातील चपलांमुळे कोल्हापुरी चपलेची चर्चा जगभर झाली. एकीकडे आवरणाखाली दडलेले चामडे आणि दुसरीकडे पूर्ण उघडे चामडे, अशी दोन टोके तेव्हा समोरासमोर आली. आवरण असलेल्या पर्सवर ओले फडके फिरते तेव्हा ते बहुधा चामड्याला शिवतच नाही, आणि म्हणूनच ती पर्स पाण्याला भीत नाही. तिला भय आहे ते आवरण विरघळवणाऱ्या द्रव्यांचे. नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन त्यात पहिले.

नव्या काळाने डागही नवे आणले. हंगेरीतले पत्रकार लास्लो बिरो यांनी १९३८ मध्ये बॉलपेनचे पेटंट घेतले आणि १९४५ पासून अमेरिकेत तो विकला जाऊ लागला. जुनी पाण्याची शाई पृष्ठभागावर वाळे. बॉलपेनची तेलकट शाई आवरणातल्या भेगांतून आत झिरपते. स्पिरिटने ती विरघळते, पण त्याच वेळी आवरणही मऊ होते आणि निळा ठिपका पसरून निळा पट्टा होतो. जीन्सच्या निळीचा डाग पर्सच्या मागच्या बाजूला घासून घासून बसतो आणि आवरणात मुरला की निघत नाही. महाराष्ट्रातल्या घरांत हळदीचा डाग हमखास. हळदीवर साबण लावला की अल्काने ती लाल होते, घाबरून अधिक घासले जाते, आणि नुकसान हळदीपेक्षा घासण्याने होते. उघड्या, सालीने कमावलेल्या चामड्यावर ओले लोखंड टेकले तर टॅनिनशी संयोग होऊन काळा डाग उमटतो. जुने रंगारी हीच क्रिया चामडे काळे करण्यासाठी मुद्दाम घडवत. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की कपाटातल्या पर्सवर पांढरी बुरशी धरते. कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांना ती अनोळखी नाही.

या सगळ्या अनुभवातून आज मान्य झालेली पद्धत जुन्या कोरड्या रीतीच्या बरीच जवळ येते. प्रथम पर्सच्या तळाशी किंवा पट्ट्याच्या आत पाण्याचा एक थेंब टेकवून पाहतात. तो थेंबच राहिला तर वर आवरण आहे, शोषला जाऊन गडद ठिपका उमटला तर चामडे उघडे आहे. धूळ आधी मऊ ब्रशाने दाण्यांच्या दोन्ही दिशांनी झटकतात, कारण धुळीवर ओले फडके फिरले की ती खळग्यांत चिखल होऊन बसते. सांडलेले द्रव टिपून घेतात, पुसत नाहीत. आवरण असलेल्या पर्सला अल्कधर्मी नसलेल्या सौम्य द्रव साबणाचे एक-दोन थेंब कोमट पाण्यात घालून, चांगले पिळलेल्या सुती फडक्याने टिपतात. मग साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढतात आणि पर्स आत कागद भरून सावलीत वाळवतात. तेलाच्या ताज्या डागावर मुलतानी माती किंवा मक्याचे पीठ रात्रभर ठेवून झटकतात. बुरशी घराबाहेर, कोरड्या ब्रशाने झटकतात. व्हिनेगर, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, केसांचा स्प्रे हे घरगुती उपाय टाळलेलेच बरे. पहिले आम्ल, दुसरे अल्क, तिसरे खरवडणारे आणि चौथ्यात बहुधा स्पिरिट असते. उघड्या चामड्याला पाणीही बेतानेच लावावे. एकाच ठिपक्याला ओल दिली तर त्याच्या कडेने वलय उमटते, म्हणून शिवणीपासून शिवणीपर्यंतचा सगळा भाग हलकासा, एकसारखा ओलसर करतात.

उघड्या चामड्यात पूर्ण मुरलेली बॉलपेनची शाई यांपैकी कोणत्याही उपायाने निघत नाही. तिथे चामडे रंगवणाऱ्या कुशल कारागिराकडून तो भाग नव्याने रंगवून घ्यावा, किंवा डाग आहे तसा राहू द्यावा.